गुरू नकोत, प्रश्न हवेत : पीटर ड्रकर आणि आपल्या संघटना

रोज सकाळी आमच्या फोनवर 'सुप्रभात, जय भीम'च्या चित्रांसोबत एखाददुसरा सुविचार येतोच. उगवत्या सूर्याचा फोटो, खाली दोन ओळी आणि त्याखाली कुणा मोठ्या माणसाचे नाव. कधी ते नाव तथागतांचे असते, कधी बाबासाहेबांचे, कधी अब्दुल कलामांचे. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एक नाव वारंवार दिसू लागले आहे : पीटर ड्रकर. एमबीए करणारी, कंपनीत लागलेली, स्वतःचा धंदा उभा करू पाहणारी आपली मुले हे सुविचार आवडीने पाठवतात. वाक्य कोणत्या पुस्तकातले, कोणत्या प्रसंगातले, हे कुणी विचारत नाही. वाक्य चटकदार असले की पुरे.

आपल्यातल्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना प्रश्न पडेल की अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांना सल्ला देणाऱ्या माणसाशी आंबेडकरी चळवळीचे काय घेणेदेणे? प्रश्न रास्त आहे. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले तेव्हा वेबरची नोकरशाही वाचली, मार्क्सचे परकेपण वाचले, पण ड्रकर कुठेच नव्हते. त्यांची गाठ पडली ती वस्तीत काम करताना. सीएसआरचा पैसा देणाऱ्या कंपन्या कार्यशाळा घेतात, सूट घातलेला सल्लागार पडद्यावर स्लाइड लावतो आणि 'इम्पॅक्ट' म्हणजे काय ते आपल्याला शिकवतो. तिथे ड्रकरचे नाव ऐकले आणि मग त्यांची पुस्तके वाचली. वाचल्यावर लक्षात आले की पडद्यावरचे ड्रकर आणि पुस्तकातले ड्रकर ही दोन निराळी माणसे आहेत. पुस्तकातल्या माणसाकडून आपल्याला घेण्यासारखे काही आहे आणि ठामपणे नाकारण्यासारखेही काही आहे. दोन्ही मांडण्यासाठी हा लेख.

आधी माणूस समजून घेऊ. ड्रकर यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९०९ रोजी व्हिएन्नात झाला. घराणे मूळचे ज्यू, पण प्रोटेस्टंट ख्रिस्ती झालेले. वडील मोठे सरकारी अधिकारी. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. १९२३ साली, चौदा वर्षे पूर्ण होण्याआधी, समाजवादी तरुणांच्या मोर्चात लाल झेंडा घेऊन हा मुलगा सर्वांत पुढे चालत होता. रस्त्यात पाण्याचे डबके आले. मागून रेटा होता, त्यामुळे इच्छा नसताना त्यातूनच जावे लागले. पलीकडे गेल्यावर त्याने झेंडा दुसऱ्याच्या हातात दिला आणि तो घरी निघून गेला. आपण मोर्चात चालणारे नाही, कडेला उभे राहून पाहणारे आहोत, हे त्याला तेव्हा कळले. म्हणूनच त्या पुस्तकाच्या नावात त्यांनी स्वतःला 'बघ्या' म्हटले. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

दुसरा प्रसंग त्याहून मोलाचा आहे. १९३१ साली त्यांनी फ्रँकफुर्टला कायद्यात डॉक्टरेट मिळवली. ते वर्तमानपत्रात काम करत आणि विद्यापीठातही शिकवत. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि विद्यापीठावर नाझी आयुक्त नेमला गेला. प्राध्यापकांच्या पहिल्याच बैठकीत त्याने ज्यू प्राध्यापकांना हाकलण्याची घोषणा केली आणि बाकीच्यांनाही शिवीगाळ करत धमकावले. सगळ्यांच्या नजरा एका नामवंत, उदारमतवादी शास्त्रज्ञाकडे वळल्या. आता हा तरी बोलेल! तो उठला आणि त्याने एवढेच विचारले की आमच्या शरीरशास्त्राच्या संशोधनाला यापुढे जास्त पैसा मिळेल का? ड्रकर लिहितात की बैठक संपल्यावर फार थोडे लोक आपल्या ज्यू सहकाऱ्यांसोबत बाहेर पडले. त्यांनी जर्मनी सोडायचे ठरवले. त्याच वर्षी त्यांची एक पुस्तिका नाझींनी जाळली. ते आधी लंडनला आणि १९३७ साली अमेरिकेला गेले. १९३९ साली फॅसिझमची चिकित्सा करणारे त्यांचे पहिले मोठे पुस्तक आले. ते विन्स्टन चर्चिल यांना आवडले होते.

तो शास्त्रज्ञ आपल्या ओळखीचा नाही का? ओळखीचा आहे, आणि तो फक्त सवर्णांत सापडतो असेही नाही. १९५६ साली आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी वेदना बोलून दाखवली, ती याच माणसाविषयी होती. अन्याय समोर घडत असताना ज्याला आपले प्रमोशन, आपला फ्लॅट, आपली ग्रँट आठवते तो माणूस. पीएच.डी.ची फेलोशिप थांबली की आपण आंदोलन करतो आणि केलेच पाहिजे. पण शेजारच्या गावात बहिष्कार पडतो तेव्हा आपण काय विचारतो? इतिहासात गुन्हेगारांइतकेच हे गप्प बसणारे सुशिक्षित धोकादायक ठरले आहेत, हे ज्याला चोविसाव्या वर्षी दिसले, त्या माणसाचे पुढचे लेखन 'भांडवलदाराचा चमचा' म्हणून फेकून देणे बरोबर नाही.

ड्रकर सल्लागार कसे झाले, हेही पाहण्यासारखे आहे. १९४३ साली जनरल मोटर्स या अवाढव्य कंपनीने त्यांना आतून अभ्यास करू दिला. त्यावरचे पुस्तक १९४६ साली आले. त्यात त्यांनी सुचवले की कामगार हा खर्चाचा आकडा नाही, कारखान्याच्या कारभारात त्याला जबाबदारी द्या. कंपनीच्या वरिष्ठांना ते रुचले नाही, कामगार संघटनेच्या पुढाऱ्यांनाही रुचले नाही. पुढे त्यांनी व्यवस्थापन या विषयाला पुस्तकांचा आणि शिस्तीचा आधार दिला. तीसहून अधिक पुस्तके लिहिली, न्यूयॉर्कला आणि नंतर कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटला शिकवले. मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुख सल्ल्याला येत, पण त्यांनी स्वतःची सल्लागार कंपनी काढली नाही. साध्या घरात राहत आणि फोन स्वतः उचलत. सल्लागार म्हणून आपले बळ अज्ञानात आहे, आपण फक्त प्रश्न विचारतो, असे ते सांगत. लोक त्यांना 'मॅनेजमेंट गुरू' म्हणत तेव्हा त्यांचे उत्तर ठरलेले असे : 'भोंदू' हा इंग्रजी शब्द मथळ्यात मावत नाही एवढा लांब आहे, म्हणून पत्रकार 'गुरू' लिहितात! ११ नोव्हेंबर २००५ रोजी, ९६ वा वाढदिवस आठवड्यावर असताना, ते गेले.

आता सल्लागार हाच शब्द घेऊन मुंबईला या. साल १९१८. कोलंबिया विद्यापीठाची अर्थशास्त्राची एम.ए. मिळवलेला, लंडनला शिकून आलेला, बडोद्याच्या नोकरीत अपमान सोसून परतलेला एक तरुण शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू करतो. त्या काळात या देशात अशी पात्रता किती जणांकडे असेल? व्यवसाय चालू लागला. मग गिऱ्हाइकांना कळले की सल्ला देणारा अस्पृश्य आहे, आणि गिऱ्हाईक येईनासे झाले. व्यवसाय बंद पडला. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथे काही सहकाऱ्यांनी त्यांच्या पाण्याच्या माठाला हात लावण्यावर हरकत घेतली.

बाजार जात पाहत नाही, पैशाला जात नसते, असे आपल्याला सांगितले जाते. १९१८ चा तो बंद पडलेला व्यवसाय हे त्याचे उत्तर आहे. सल्ला तोच होता, ज्ञान तेच होते, फक्त सल्लागाराची जात कळली. आणि हे जुने झाले असे कुणी म्हणू नये. २०१२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त भारतातल्या एक हजार बड्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा जातवार अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातले जवळपास ९३ संचालक उच्च जातींचे निघाले. अनुसूचित जाती-जमातींचे साडेतीन टक्के. ज्या टेबलाभोवती ड्रकरचे सुविचार म्हटले जातात, त्या टेबलावरच्या खुर्च्या अशा वाटलेल्या आहेत.

ड्रकर यांच्या विचारातली पहिली मोठी फट इथे दिसते. धंद्याचा हेतू नफा नसून गिऱ्हाईक घडवणे हा आहे, हे त्यांचे सर्वांत गाजलेले सूत्र. सूत्र चांगले आहे. पण जिथे गिऱ्हाईक आधी जात पाहते आणि मग माल पाहते, तिथे काय करायचे? चहाच्या टपरीपासून खानावळीपर्यंत आपल्या माणसांनी आडनाव लपवून धंदे केले आहेत, कारण गिऱ्हाइकाचे मन घडवणारी शाळा धंद्याच्या बाहेर असते. ती शाळा म्हणजे जातिव्यवस्था. ड्रकर यांच्या पुस्तकांत तिचे उत्तर नाही. ते उत्तर बाबासाहेबांकडे आहे. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री स्थापन केली, तीही याच फटीमुळे. बाजार खरोखर आंधळा असता तर वेगळ्या चेंबरची गरज काय होती?

मग घेण्यासारखे काय आहे? आमच्या मते ड्रकर यांच्या तीन गोष्टी आपल्या संघटनांनी उचलाव्यात.

पहिली गोष्ट : संघटनेच्या आत फक्त खर्च असतो, निकाल बाहेर असतो. हे त्यांनी कंपन्यांना सांगितले, पण १९९० सालच्या पुस्तकात सामाजिक संस्थांना जास्त कळकळीने सांगितले. सामाजिक संस्थेचे उत्पादन म्हणजे बदललेला माणूस. बैठका किती झाल्या, बॅनर किती लागले, फेसबुकवर फोटो किती आले, हा सगळा आतला हिशेब. बाहेर कुणाचे आयुष्य बदलले, हा खरा हिशेब. अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्स या मुलींच्या संघटनेच्या प्रमुख फ्रान्सेस हेसेलबाइन यांचे ते फार कौतुक करत. १९७६ ते १९९० या त्यांच्या काळात संघटनेतल्या काळ्या आणि इतर अल्पसंख्य मुलींचे प्रमाण तिपटीने वाढले. संघटना कुणाची आहे, हा प्रश्न तिथे घोषणेत न राहता सदस्यांच्या यादीत आला.

आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथे विहारात एक अभ्यासिका आहे. मंडळाच्या पोरांनी वर्गणीतून उभी केलेली, नोंदवही व्यवस्थित ठेवलेली. रोज तीस-पस्तीस सह्या. तिथे जायला लागल्यावर आम्ही ती नोंदवही महिनाभराची चाळली, तर मुलींची नावे अवघी चार. कार्यकर्ते म्हणाले, मुलींना आवड नाही. आम्ही मुलींकडे आणि त्यांच्या आयांकडे जाऊन बसलो. एका माउलीने दोन वाक्यांत विषय संपवला : "रात्री सात ते अकरा उघडी ठेवता. त्या वेळी माझी पोरगी भाकरी करंल का अभ्यास करंल, आणि गल्लीतल्या टोळक्यातून तिला आणायला कोण जाईल?" मग दुपारी बारा ते चार अशी दुसरी वेळ सुरू झाली, किल्ली एका निवृत्त शिक्षिकेकडे गेली. आज दुपारच्या वेळेला जागा कमी पडते. यात एकही नवा रुपया लागला नाही. ही अभ्यासिका कुणासाठी, आणि त्यांना काय हवे, एवढे दोन प्रश्न लागले. ड्रकर यांच्या प्रसिद्ध पाच प्रश्नांतले हे दुसरे आणि तिसरे. पहिला प्रश्न ध्येयाचा, चौथा निकालाचा, पाचवा योजनेचा.

दुसरी गोष्ट : जे मुळात करायलाच नको, ते उत्तम रीतीने करण्याइतके निरुपयोगी काही नाही. म्हणून प्रत्येक कामाला अधूनमधून विचारायचे की हे आज सुरू नसते, तर आपण ते नव्याने सुरू केले असते का? जयंतीच्या बैठकीत हा प्रश्न विचारून पाहा. आम्ही विचारला. डीजेचा खर्च आणि अभ्यासिकेचा वर्षाचा खर्च शेजारी शेजारी लिहिला. एक ज्येष्ठ दादा रागावून म्हणाले, "आमच्या बापजाद्यांना या रस्त्यानं चप्पल घालून जाता येत नव्हतं. आज आमची मिरवणूक त्याच रस्त्यानं जाते, ती तुम्हाला खर्च वाटते?" दादांचे म्हणणे खोटे नाही. मिरवणूक हा सार्वजनिक रस्त्यावरचा आपला हक्क आहे आणि तो सोडायचा नाही. पण रस्त्यावरचा हक्क मिरवणुकीने सिद्ध होतो, डीजेच्या भिंतीने नाही. लेझीम, ढोल, पंचशील ध्वज, पुस्तकांची पालखी, यानेही तो होतो. प्रश्न नेमका विचारला की भांडण 'जयंती हवी की नको' असे राहत नाही, 'जयंतीतले काय ठेवायचे आणि काय सोडायचे' असे होते. त्या वर्षी एक दिवसाचा डीजे कमी झाला आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके आली. पूर्ण बंद झाला नाही. वाद अजून चालू आहे आणि तो चालू राहावा.

मात्र हाच प्रश्न कुणाच्या हातात आहे, यावर त्याची धार ठरते. जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्श यांनी ड्रकरचा हाच प्रश्न घेतला, कंपनीचे अनेक उद्योग विकले, बंद केले आणि १९८० ते १९८५ या पाच वर्षांत कंपनीतल्या माणसांची संख्या एक लाखाहून जास्त घटली. काय सोडायचे, हे मालक ठरवतो तेव्हा तो माणसे सोडतो. ड्रकर यांना पुढे या साहेबलोकांचा राग आला. कामगारांना घरी पाठवून स्वतः कोट्यवधी खिशात घालणे अक्षम्य आहे, प्रमुखाचा पगार सामान्य कामगाराच्या वीसपटीहून जास्त नसावा, असे ते सांगत राहिले. कुणी ऐकले नाही. सल्लागाराचे सुविचार भिंतीवर लागतात, पण मालकाला न परवडणारा त्याचा सल्ला भिंतीवर कुणी लावत नाही. बाबासाहेबांच्या बाबतीत या देशाने दुसरे काय केले?

तिसरी गोष्ट : योजना म्हणजे नुसते चांगले हेतू, जोवर त्यांचे लगेच कष्टात रूपांतर होत नाही. आपल्याकडे ठरावांची कमी नाही. ऐक्याचे ठराव तर किती झाले! रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला झाली, तेव्हापासून फूट आणि ऐक्य हा आपला पाळणा हलतोच आहे. त्याउलट मान्यवर कांशीराम यांचे काम पाहा. १९७८ साली बामसेफ उभी करताना त्यांनी स्पष्ट रेषा आखली की नोकरदारांनी वेळ, बुद्धी आणि पैसा द्यायचा. रस्त्यावरच्या संघर्षासाठी १९८१ साली वेगळी डीएस-फोर, निवडणुकीसाठी १९८४ साली वेगळा पक्ष. कोणत्या संघटनेने काय करायचे आणि काय करायचे नाही, हे ठरलेले. त्यांच्या राजकारणाबद्दल मतभेद असू शकतात, पण ही स्पष्टता आज आपल्या किती संघटनांत आहे?

आणि हे शिकायला ड्रकरच पाहिजेत असेही नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी केली. १९५६ साली, प्रकृती खचलेली असताना, त्यांनी मुंबईत राजकारणाचे प्रशिक्षण देणारी शाळा सुरू केली, कारण भाषण करणारे खूप आणि संस्था चालवणारे थोडे, हे त्यांना दिसत होते. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ती शाळा बंद पडली. तिचे पुतळ्याइतके कौतुक आपण कधी केले नाही.

आता त्या 'बघ्या'कडे येऊ. ड्रकर कडेला उभे राहून पाहणारे होते आणि सल्लागाराला ते शोभते. त्याला मोर्चाच्या मध्ये उभे राहायचे नसते, फी घेऊन निघून जायचे असते. आपल्याला तशी सोय नाही. ड्रकरनी झेंडा दुसऱ्याच्या हातात दिला. बाबासाहेबांचा सल्ल्याचा धंदा जातीने बंद पाडला तेव्हा त्यांनी झेंडा हातात घेतला. १९२० चा 'मूकनायक', १९२७ चे चवदार तळे, हे कडेला उभे राहून झाले नसते. म्हणून आम्ही म्हणतो, ड्रकरचे प्रश्न घ्या, पण त्यांची जागा घेऊ नका. आपल्या मुलांनी व्यवस्थापन जरूर शिकावे, सल्लागार व्हावे, कंपन्या काढाव्यात. पण आपल्या वस्तीकडे केस स्टडी म्हणून पाहू नये.

शेवटचा मुद्दा सुविचारांचाच. 'जे मोजता येते तेच सांभाळता येते' आणि 'संस्कृती रणनीतीला न्याहारीत खाऊन टाकते' ही दोन वाक्ये ड्रकर यांच्या नावावर जगभर फिरतात आणि त्यांच्या लेखनात ती सापडत नाहीत. आपल्या घरात तरी काय वेगळे आहे? १९४२ साली नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी दिलेला संदेश 'एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ' या क्रमाने आहे. मराठीत तो 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असा झाला. मधला शब्द शेवटी गेला आणि अर्थ बदलला. शिकल्यावर आधी मन पेटले पाहिजे, प्रश्न पडले पाहिजेत आणि त्या पेटलेल्या मनांची संघटना व्हावी, असा तो क्रम आहे. आपण आधी संघटना काढतो, पदे वाटतो, लेटरहेड छापतो आणि मग संघर्षाचा विषय शोधतो. एका शब्दाची जागा चुकली की चळवळीची किती वर्षे चुकतात, याचा हा पुरावा.

तथागतांनी कालामांना सांगितले की कुणी मोठा माणूस म्हणतो म्हणून स्वीकारू नका, तपासून पाहा. संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले की राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे नेते. आणि व्हिएन्नाहून आलेला एक म्हातारा स्वतःला गुरू म्हणणाऱ्यांची थट्टा करत राहिला. तिघांच्या उंचीची तुलना आम्ही करत नाही. पण तिन्ही ठिकाणी आपल्यासाठी एकच काम सांगितलेले आहे, ते म्हणजे विचारणे.

येत्या बैठकीत अहवाल वाचून टाळ्या वाजवण्याआधी एक कोरा कागद घ्या. त्यावर लिहा : आपण कुणासाठी आहोत? त्यांना शेवटचे कधी विचारले? वर्षभरात कुणाचे काय बदलले? काय सोडायचे? आणि उद्या सकाळी कोण काय करणार? शेवटच्या प्रश्नापुढे नाव आणि तारीख लिहा. नाव लिहायला कुणी तयार नसेल, तर तो ठराव मंजूर करू नका.

जय भीम!